कांडीमागे दहा पैसे

४२० कोटी. जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ या पंधरा महिन्यांत भारतात किटकॅटच्या एवढ्या कांड्या खपल्या. आकडा नेस्ले इंडियाच्या वार्षिक अहवालातला आहे. दिवसाचा हिशेब काढला तर ९२ लाख कांड्या, आणि सेकंदाचा काढला तर शंभराहून जास्त. रात्री, पहाटे, चतुर्थीच्या दिवशीसुद्धा. एक कांडी आठ सेंटीमीटरची धरून टोकाला टोक लावत गेलो, तर ३ लाख ३६ हजार किलोमीटरची रांग होते. पृथ्वीला आठ वेढे घालूनही ती उरते. या खपामुळे किटकॅटच्या बाजारपेठांत भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर गेला.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या पाळी गावाला हा आकडा परका नाही. पाळीकडून मांडवी ओलांडली की फोंड्याच्या बाजूचे उसगाव लागते. तिथे १९९५ मध्ये नेस्लेचा कारखाना उभा राहिला आणि किटकॅट तिथे बनू लागली. दोन वर्षांनी याच कंपनीचा दुसरा कारखाना डिचोलीत आला. तिथे नूडल्स होतात. देशात खपणारी प्रत्येक कांडी गोव्यातलीच असते असे नाही, कंपनीचे इतर राज्यांतही कारखाने आहेत. तरी मांडवीच्या दोन्ही तीरांवरच्या कित्येक घरांतली माणसे या दोन कारखान्यांत नोकरीला जातात, आणि चॉकलेट कुठे तयार होते हे इथल्या पोरांना सांगावे लागत नाही. चॉकलेट पिकते कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एका कांडीत कोको किती असेल? आत वेफर, वर साखर, दूध आणि स्निग्धांश. मी सढळ हाताने दोन ग्रॅम धरतो. प्रत्यक्षात कमीच भरेल. ४२० कोटी कांड्यांना ८,४०० टन कोको झाला. कोकोची एक वाळलेली बी साधारण एक ग्रॅमची, आणि एका फळात अशा तीस ते पन्नास बिया. सरासरी चाळीस धरल्या तर या एका देशातल्या एका चॉकलेटसाठी २१ कोटी फळे फोडावी लागली.

'फोडावी लागली' हे अक्षरशः घ्यायचे. कोकोचे फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, थेट बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडते. ते ओढून काढले तर ज्या ठिकाणी पुढच्या वर्षी फूल यायचे तो डोळाच दुखावतो. म्हणून कोयत्याने देठावर नेमका घाव घालायचा. मग फळे एका जागी गोळा करायची, एकेक हातात धरून कोयत्याने किंवा सोट्याने फोडायची आणि आतला पांढरा, बुळबुळीत गर बियांसकट बोटांनी ओढून काढायचा. केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायचा. चॉकलेटचा वास तिथे जन्माला येतो, कारखान्यात नव्हे. पुढे आठवडाभर ऊन. काढणीपासून वाळवणापर्यंत हे सगळे आजही हातांचेच काम आहे. जगात वर्षाला जवळपास ५० लाख टन कोको पिकतो. म्हणजे ५ लाख कोटी बिया, सुमारे १२,५०० कोटी फळे. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे पंधरा फळे दर वर्षी कोणीतरी हाताने फोडतो.

तो 'कोणीतरी' बहुतेक वेळा पश्चिम आफ्रिकेतला असतो. आयव्हरी कोस्ट हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडासाच मोठा, लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास. जगातला सुमारे चाळीस टक्के कोको तो एकटा पिकवतो. शेजारच्या घानाचा धरला तर दोघांचा मिळून निम्म्याहून जास्त. मोठमोठे मळे आणि पगारी मजूर असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. आयव्हरी कोस्टातल्या कोको शेतकऱ्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. शेत दोन-चार हेक्टरांचे, उत्पन्न हेक्टरी साडेचारशे-पाचशे किलो. कुटुंबाकडे तीन हेक्टर धरले तर वर्षाला दीड टन माल हाती येतो. ते ८,४०० टन म्हणजे अशा ५,६०० कुटुंबांचे वर्षभराचे पीक.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षे तो दोन ते तीन हजार डॉलरांमध्ये घुटमळत होता. झाडे म्हातारी झालेली, खोड फुगवणारा विषाणूरोग पसरलेला, पावसाने दोन हंगाम घात केलेला. किलोचा हिशेब केला तर हजार रुपयांच्या वर. त्याच हंगामात आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने ठरवून दिलेला भाव होता किलोला १,८०० सेफा फ्रँक, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आसपास. उरलेले साडेसातशे कोणाच्या खिशात गेले, असा प्रश्न साहजिक येतो. उत्तर एका वाक्यात मावत नाही. तिथले सरकारी मंडळ पुढच्या हंगामाचा बराचसा माल आधीच विकून टाकते आणि त्या सरासरीवर शेतकऱ्याचा भाव बांधते. निर्यात किमतीचा निदान साठ टक्के हिस्सा शेतकऱ्याला मिळावा, असा तिथला नियम आहे. बाजार कोसळला तर हा बांधलेला भाव शेतकऱ्याला तारतो, बाजार उसळला तर तोच त्याला मागे ठेवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव २,८०० फ्रँक झाला, तोपर्यंत जागतिक बाजार निम्म्यावर आला होता. आपल्याकडे कांद्याचे पाहिलेले असल्याने मराठी वाचकाला यातले दुखणे समजावून सांगायला नको.

वायद्याचा हा झटका मात्र अपवाद होता. नेहमीचे चित्र २०१५ च्या 'कोको बॅरोमीटर' अहवालात आहे: चॉकलेटच्या किरकोळ किमतीतले साडेसहा टक्क्यांच्या आसपास शेतकऱ्याकडे जातात, त्याच्या काही पट दुकानदाराकडे आणि काही पट कंपनीकडे. १९८० च्या दशकात शेतकऱ्याचा वाटा सोळा टक्के होता.

आणि मग मुलांचा आकडा. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, २०१८-१९ च्या हंगामात आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरीच्या व्याख्येत बसणारे काम करत होती. त्यांतल्या १४ लाख ८० हजार मुलांचे काम धोक्याच्या वर्गातले होते: कोयता चालवणे, ओझी वाहणे, कीटकनाशकांशी संबंध येणे. २०११ च्या जनगणनेत सबंध गोव्याची लोकसंख्या होती १४ लाख ५८ हजार. पेडण्यापासून काणकोणापर्यंतची सगळी माणसे, तान्ही आणि म्हातारी धरून, मोजली तरी त्या मुलांची संख्या जास्त भरते.

ही मुले बहुतांशी आपल्या आईबापांच्याच शेतात राबतात. पळवून आणलेली, विकलेली मुले तिथे नाहीत असे नाही. माली देशातल्या सहा जणांनी बालपणीच्या गुलामीबद्दल दोन बड्या कंपन्यांवर अमेरिकेत भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२१ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. पण लाखांचा आकडा होतो तो गरिबीमुळे. मजूर लावायला पैसे नाहीत, म्हणून घरातले पोर कोयता घेते. काजूच्या हंगामात गोव्यातली पोरेही सुटीत बिया वेचायला जातात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. फरक इतकाच, की जूनमध्ये इथले पोर शाळेत परतते. तिथे कित्येक गावांत जवळपास शाळाच नसते.

चॉकलेट उद्योगाने बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार बंद करण्याचा करार सप्टेंबर २००१ मध्ये केला. मुदत २००५ ची होती. ती हुकली. मग २००८, मग २०१०, मग २०२० पर्यंत सत्तर टक्के घट. तीही झाली नाही. वीस वर्षांत मुदती बदलल्या, लेबले वाढली, हसऱ्या शेतकऱ्यांचे फोटो पाकिटांवर आले, आणि मोजणी झाली तेव्हा १५ लाख ६० हजार मुले शेतातच सापडली. माझे मत स्पष्ट आहे: भावाला हात न लावता नीतिमान खरेदी होत नाही. तपासणी हवी, शाळा हवी, विहीर हवी, पण दीड टन कोको विकून घर चालत नसेल तर त्यातले काहीही टिकणार नाही.

नेस्लेने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेली योजना म्हणूनच लक्ष देण्याजोगी वाटते. मुलांना शाळेत घालणे, झाडांची छाटणी करणे, सावलीची झाडे लावणे आणि उत्पन्नाचे दुसरे साधन उभे करणे या चार गोष्टींसाठी कुटुंबाला पहिली दोन वर्षे वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत रोख, नंतर २५०. त्या वेळच्या दराने ५०० फ्रँक म्हणजे चाळीस हजार रुपये. पैसे थेट मोबाइलवर येतात, आणि निम्मे शेतकऱ्याच्या बायकोच्या खात्यात. हे शेवटचे कलम ज्याने कोणी सुचवले त्याला घरातला पैसा कसा खर्च होतो ते नेमके ठाऊक असणार. २०३० पर्यंत १ लाख ६० हजार कुटुंबे आणि एकूण १३० कोटी स्विस फ्रँकचा खर्च असा संकल्प आहे. आकडा मोठा आहे, आणि एकट्या आयव्हरी कोस्टातल्या दहा लाख शेतकऱ्यांपुढे ठेवला तर लहानही आहे. शिवाय ही कंपनीने दिलेली रक्कम आहे, शेतकऱ्याचा हक्क नव्हे. उद्या संचालक मंडळाने हात आखडला तर कुठल्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.

हक्काचा प्रयत्नही झाला होता. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन सरकारांनी एकत्र येऊन ऑक्टोबर २०२० च्या हंगामापासून प्रत्येक टनावर ४०० डॉलरचा जादा आकार लावला: शेतकऱ्याला पोटापुरते उत्पन्न मिळावे म्हणून. किलोला तीस रुपये. खरेदीदारांनी तो मान्य केला आणि दुसऱ्या बाजूने, मालाच्या मूळस्थानासाठी जो वेगळा अधिभार मिळायचा तो पाडत पाडत उणे केला. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. २०२२ मध्ये दोन्ही सरकारांनी याबद्दल उघड तक्रार केली.

आता पैशांचे गणित. शेतकऱ्याला किलोमागे पन्नास रुपये वाढवून द्यायचे ठरवले, म्हणजे त्या ४०० डॉलरांहूनही बरेच जास्त. दोन ग्रॅम कोकोच्या कांडीवर त्याचा बोजा किती? दहा पैसे. दीड टन पिकवणाऱ्या घराला त्यातून वर्षाला ७५ हजार रुपये जास्त मिळतील. ४२० कोटी कांड्यांवर मिळून होतात ४२ कोटी रुपये, आणि तेवढ्यात ५,६०० घरांचे वर्ष बदलते. खाणाऱ्याला दहा पैसे जाणवणारही नाहीत. आपल्याकडे दहा पैशांचे नाणे २०११ नंतर बाजारात दिसतही नाही.

पाळीच्या माणसाला याहूनही मोठे आकडे ठाऊक आहेत, आणि ते तांबड्या मातीचे आहेत. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर लोहखनिज निर्यात होत होते. जगभरचा सगळा कोको पन्नास लाख टन. त्याच्या दहापट वजन या एवढ्याशा राज्याच्या चार-पाच तालुक्यांतून दर वर्षी बोटींत भरले जात होते. दहा टनांचा एक ट्रक धरला तर पन्नास लाख फेऱ्या. पाळी, वेळगे, उसगाव, साखळी या रस्त्यांवरच्या घरांच्या भिंती, शेवग्याची झाडे, वाळत घातलेले कपडे सगळे एकाच रंगाचे होत असे. लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. ट्रक अंगणात गंजले, हप्ते चालूच राहिले.

पण त्या भांडणातून एक गोष्ट निघाली, आणि चॉकलेटच्या चर्चेत ती आणायलाच हवी. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत. ज्या भूमीतून माल निघतो तिचा विक्रीत वाटा असतो, आणि तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो, हे तत्त्व डिचोलीच्या खाणींनी देशाला दिले. निधीतला पैसा किती आणि कसा वापरला गेला यावर वाद घालायला जागा आहे. तत्त्वावर नाही.

हेच दहा टक्के चॉकलेटला लावून पाहू. जगातली चॉकलेटची उलाढाल वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर आहे. दहा टक्के म्हणजे दहा अब्ज. जगात कोको पिकवणारी लहान शेतकरी कुटुंबे पन्नास लाख धरली, तर प्रत्येक घराला वर्षाला २,००० डॉलर: पावणेदोन लाख रुपयांच्या जवळपास. आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे. तो अशक्य वाटतो, कारण मागणारे न्यायालय नाही आणि पन्नास लाख घरे एका देशात राहत नाहीत.

ट्रक थांबले तेव्हा पाळीच्या डोंगरउतारावर उभे राहिले ते काजूचे झाड. काजू आणि कोको दोघेही दक्षिण अमेरिकेतले. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून गोव्यात आला. आज राज्यात पंचावन्न हजार हेक्टरांच्या वर जमीन काजूखाली आहे, इतके क्षेत्र दुसऱ्या कुठल्याच पिकाला नाही. हेक्टरी उत्पन्न साडेचारशे किलो, म्हणजे आयव्हरी कोस्टच्या कोकोइतकेच. आणि आयव्हरी कोस्ट हाच आज काजूच्या बियांचाही जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे, दहा लाख टनांच्या वर. दक्षिणेत कोको, उत्तरेत काजू. तुमच्या काजूवाल्या चॉकलेटमधल्या दोन्ही चवी एकाच देशातल्या दोन गरीब शेतकऱ्यांच्या असू शकतात.

२०२३ मध्ये गोवा सरकारने काजूबियांचा आधारभूत दर किलोला १२५ वरून १५० रुपये केला. रीत साधी आहे. बागायतदार संस्थेत बी घालायची, तिथला भाव आधारभूत दराच्या खाली असला तर फरक सरकार शेतकऱ्याच्या बँक खात्यात भरते. समजा बाजार ११० वर आला आणि राज्याचे अंदाजे २५ हजार टनांचे सगळे पीक योजनेत आले, तर तो फरक १०० कोटी रुपये होतो. याउलट आयव्हरी कोस्टात २०२४ च्या हंगामाला काजूचा शेतकऱ्याला मिळणारा किमान भाव होता २७५ सेफा फ्रँक: अडतीस रुपये. २०२५ मध्ये तो ४२५ फ्रँक झाला, म्हणजे साठच्या आसपास. तीच बी, तेच झाड, तशीच उन्हातली वेचणी. गोव्यात दीडशे, तिकडे अडतीस.

चार किलो बियांतून साधारण एक किलो गर निघतो. म्हणजे किलोभर काजूमागे गोव्याच्या शेतकऱ्याला सहाशे रुपये मिळाले, तर आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला दीडशे. दर्जात फरक आहे, गोव्याच्या बीची चव वेगळी आहे, जहाजभाडे आहे, आयात शुल्क आहे. तरी एवढी दरी त्यातून भरत नाही. भारताचे काजू कारखाने देशात पिकते त्यापेक्षा जास्त बी काही वर्षी बाहेरून आणतात. गोव्यातले कारखानेही आफ्रिकेची बी फोडतात, नाहीतर हंगाम संपला की बायकांचे काम बंद पडेल. आणणे गैर नाही. ती 'गोव्याचा काजू' म्हणून विकणे गैर आहे.

ते होते का, हे पडताळायला आकडेच पुरे आहेत. २५ हजार टन बियांतून गर निघणार सव्वासहा हजार टन. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले. मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावरून, मडगावच्या फलाटावरून परतताना प्रत्येकाने अर्धा किलो काजू नेला तर पाच हजार टन लागतात. मग राज्यातली लग्ने, मिठाया, मुंबई-पुण्याची दुकाने आणि निर्यात कशावर चालते? २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारणासाठी झगडून मिळवलेले आहे. पाकिटावर चिन्ह आहे की नाही हे पाहणारे गिऱ्हाईक मात्र विरळा. स्वस्त बीमुळे पाळीच्या बागायतदाराचा भाव पडतो आणि त्याला वाटते, आफ्रिकेवाल्याने मारले. आफ्रिकेवाला अडतीस रुपयांत त्याच्याही आधी मेलेला असतो.

काजूतली मेहनत जवळून पाहायची तर कारखान्यात जायला हवे. भाजलेली किंवा वाफवलेली बी एकेक करून पात्याखाली धरायची, हाताने किंवा पायाने दाब द्यायचा, टरफल उकलायचे आणि आतला गर अखंड निघेल असा काढायचा. टरफलातले तेल कातडी जाळते. बोटांची टोके काळी पडतात, सालपटे निघतात. तुटला तर पाकळी, आणखी तुटला तर तुकडा, आणि प्रत्येक पायरीला दर उतरतो. मग गर तापवून वरची तांबूस साल सोलायची. बाजारात ३२० नंबरचा म्हणून जो काजू मिळतो, त्यातला ३२० हा आकडा एका पौंडातल्या अखंड गरांचा आहे. किलोला सातशे. दहा किलो काजू सोलणे म्हणजे सात हजार वेळा तीच हालचाल, आणि ती करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका असतात. राज्यातले सगळे पीक अखंड निघाले असे धरले तर सुमारे ४३७ कोटी गर होतात. जवळपास किटकॅटच्या कांड्यांइतकेच. यंत्रे आता आली आहेत, पण शेवटची नजर आणि शेवटचे बोट अजून बाईचेच.

गोव्याच्या शेतकऱ्याला बीबरोबर बोंडूही आहे. फळ बीच्या आठ-दहापट वजनाचे, म्हणजे हेक्टरी चार टन. ते तुडवायचे, रस भाटीवर चढवायचा, आधी हुर्राक, मग फेणी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आयव्हरी कोस्टात दहा लाख टन बियांमागे ऐंशी लाख टनांहून जास्त बोंडू येतात आणि बहुतेक झाडाखालीच कुजतात. चारशे वर्षांच्या सवयीने गोव्याच्या माणसाने एका झाडातून दोन पिके काढली. भाव पडला तरी दुसऱ्या हाताला काही उरते. कुठल्याही कंपनीच्या मदत योजनेतल्या 'उत्पन्नाचे दुसरे साधन' या कलमाचा हा जुना, चाललेला नमुना आहे.

आणखी एक नमुना गोव्याच्या दक्षिणेला, दक्षिण कन्नडात आहे. १९७० च्या दशकात सुपारीखाली कोको लावा, आम्ही घेतो, असे त्या पट्ट्यातल्या बागायतदारांना सांगण्यात आले. लोकांनी लावला. १९७९-८० मध्ये जागतिक भाव कोसळला, घेणाऱ्यांनी पाठ फिरवली आणि फळे झाडावर काळी पडू लागली. तेव्हा १९७३ मध्ये सुपारीसाठी स्थापन झालेली कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली. नुसती खरेदी करून भागणार नाही हे कळल्यावर तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. १९८६ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज तिचे सभासद लाखाहून जास्त आहेत. पिकवणारा, आंबवणारा, चॉकलेट करणारा आणि नफा वाटून घेणारा एकच. चॉकलेटमधल्या न्यायाचे इतके सरळ उदाहरण देशात दुसरे मला माहीत नाही, आणि ते पाळीहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

दुसरी वाट कायद्याची. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला, की कोको कुठल्या शेतातून आला आणि त्यासाठी जंगल तोडले नाही, हे नकाशातल्या जागेसकट सिद्ध करावे लागेल. आयव्हरी कोस्टाने १९६० पासून ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगल गमावले आहे, म्हणून हे कलम. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. भारतात चॉकलेटच्या पाकिटावर कोकोचा देश लिहिण्याची सक्ती नाही.

गोव्याने यात पहिले पाऊल टाकावे असे मला मनापासून वाटते. काजूचा आधारभूत दर हंगाम सुरू व्हायच्या आधी, जानेवारीतच जाहीर व्हावा. विमानतळ, बसस्थानके आणि सरकारी दुकानांत बी कुठल्या देशाची आहे हे पाकिटावर छापणाऱ्यालाच जागा मिळावी. आफ्रिकेची बी असेल तर तसे लिहा, आम्ही घेऊ. पण शेतकऱ्याला काय दर मिळाला तेही लिहा. आणि उसगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या चॉकलेटवर जो ग्राहक सेवा क्रमांक असतो, त्यावर एकदा फोन करून विचारा: यातला कोको कुठला, आणि पिकवणाऱ्याला किलोला किती दिले? तो क्रमांक पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे.